लाभ, दोन, तीन

कुणाच्याही घरात शिरले की मिस्त्री आधी वर बघायचे. माणसांची पाळी मागाहून. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी दारात उभी राहून "या, बसा" म्हणत होते आणि ते मान मागे टाकून बैठकीतल्या पंख्याकडे पाहत होते. बराच वेळ पाहून झाल्यावर म्हणाले, "लई दमलाय हो ह्यो. जरा झोपू देत जावा त्याला."

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पंखा दमतो हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पण त्यांनी पंखा उतरवला, बेअरिंग बदललं, दोन थेंब तेल सोडलं आणि तो खरोखरच झोप झाल्यासारखा फिरायला लागला. तेव्हापासून मी मिस्त्रींशी वाद घालायचं सोडून दिलं. म्हणजे, कमी केलं.

नोकरीसाठी मी नांदेड सोडून उदगीरला आले होते, तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नाही. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान, मागे घर. पाटीवर नावगाव काही नव्हतं, 'मोटारी भरून मिळतील' एवढंच. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. परगावच्या माणसाला वाटायचं, इथे मोटारी कशाने तरी काठोकाठ भरून देतात. मिस्त्रींकडे पाहिलं की तेही पटायचं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बोलता बोलता ती कुठे तरी निघून जातात, देह तेवढा स्टुलावर ठेवून. तांब्याच्या तारेचं रीळ मांडीवर घेऊन मिस्त्री असे तासन्‌तास बसायचे आणि विहिरीवरची मोटार जळालेला एखादा शेतकरी समोर येरझाऱ्या घालायचा.

"मिस्त्री, कवा व्हईल?"

"व्हईल की. घाई कोणाला हाय?"

"मला हाय ओ!"

"मग तुमी घाई करा, मी मोटार भरतो."

त्यांनी भरलेली मोटार वर्षानुवर्षं परत येत नसे, म्हणून लोक चरफडत का होईना, थांबायचे.

माझं खरं येणंजाणं होतं ते काकूंकडे, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोकडे. उदगीरच्या तीन शिंप्यांनी माझे ब्लाउज बिघडवल्यावर कुणीतरी मला काकूंचं दार दाखवलं होतं. त्यांच्या गळ्यात टेप असायची, पण माप त्या नजरेनंच घ्यायच्या. "जाड झालात जरा," एवढं म्हणायच्या, की समजायचं माप झालं. चाळीस वर्षं पायाने मशीन चालवलेली बाई. पुढे त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. पायपट्टी हलवणं बंद करा, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं.

मिस्त्रींनी बाजारातून शिलाई मशीनची छोटी मोटार आणून लावून दिली. ती मोटार म्हणजे खुंट्याला बांधलेलं खोंड. पॅडलवर पायाचा अंगठा टेकायचा अवकाश, की उधळायची. तिसऱ्या दिवशी सुई काकूंच्या तर्जनीतून आरपार गेली. त्यांनी स्वतःच चाक उलटं फिरवून सुई वर काढली, बोटाला चिंधी बांधली, पट्टा सोडवला आणि मशीनवर चादर टाकली.

"बास झालं आता," त्या म्हणाल्या. "दिवाळीला निलंग्याची भाची येईल. तिला देऊन टाकू मशीन. तिची तरी शिवण होईल."

हे बोलताना त्या रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. नुसती चादर सारखी करत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, आणि त्यात माझ्या ब्लाउजांचा भाग थोडाच होता.

मिस्त्री तेव्हा वर पंख्याकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "आपुन मोटारच करू."

"कुठली मोटार?" मी विचारलं.

"हिची. नवी. पहिल्यापासनं."

मी म्हटलं, बाजारात दुसऱ्या कंपनीची मिळेल, हळू चालणारी. त्यांनी मान हलवली. "बाजारातल्या समद्या पळणाऱ्या हाईत, मॅडम. हिला आस्ते पाहिजे. पंखा बघा की. चालू झाल्यालं कळतंय का? पहिलं पातं हलतंय, मग दुसरं. असं आस्ते."

दुसऱ्यांच्या मोटारी भरण्यात त्यांचा जन्म गेला होता. स्वतःची म्हणून एकही मोटार त्यांनी केली नव्हती. दिवाळीला पाच महिने होते.

मोटारीचं चित्र त्यांनी कागदावर नाही, घरातल्या शहाबादी फरशीवर खडूने काढलं. एक मोठं वर्तुळ, आत खाचा, खाचांतून फिरणाऱ्या रेघा. काकू रोज सकाळी झाडायच्या, पुसायच्या, पण तेवढ्या वर्तुळाला वळसा घालून. जून गेला, जुलै गेला, घर लख्ख आणि मध्ये तेवढा धुळीचा गोल. आलेली माणसं तो ओलांडून बसायची. कुणीतरी विचारलं, "मिस्त्री, कुंडली मांडली काय?" तर म्हणाले, "हाव. मोटारीची."

मोटारीत चुंबकाच्या जोड्या जितक्या जास्त, तितकी तिची चाल मंद. त्याचं सूत्र असतं. मी ते त्यांना कौतुकाने फरशीवरच लिहून दाखवलं. त्यांनी ते बारकाईने पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "बरोबर हाय हे. सोळा कॉइल येतेत. कुणी काढलं?"

"पुस्तकात असतं."

"त्यानं बी पंखाच बघितला असंल," मिस्त्री म्हणाले.

त्यानंतर जे सुरू झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरचे पातळ पत्रे आणून त्यांनी कातरीने गोल कापले. एकावर एक रचून आवळले आणि कानशीने खाचा पाडल्या. एकेक खाच. मधला दांडा स्टेशनजवळच्या एका लेथवाल्याने करून दिला. बाहेरचं कवच काही मनासारखं मिळेना. मग एक दिवस काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "माझा डाळीचा डबा कुठाय?" मिस्त्री पंख्याकडे बघायला लागले. तूरडाळ पिशवीत होती आणि ॲल्युमिनियमच्या डब्याला मध्यभागी भोक पडलं होतं.

"मोटार व्हईना का काही व्हईना, माझा डबा गेला," काकू मला म्हणाल्या. मोटारीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण त्या दिवसापासून त्या दुपारचा चहा दुकानात आणून द्यायला लागल्या, आणि कप परत न्यायचं निमित्त करून पुन्हा एकदा डोकावायच्या.

अडलं ते कॉइल गुंडाळताना. लाकडी साच्याचा दांडा फिरवून तार गुंडाळायची, एकेका कॉइलला दीडशे वेढे. हात फिरायचा, पण मोजता मोजता मिस्त्री निघून जायचे. परत यायचे तेव्हा आकडा हरवलेला. मग सगळं उकलून पुन्हा पहिल्यापासून. आठ कॉइल व्हायला दीड महिना लागला.

"जाता तरी कुठे तुम्ही?" मी एकदा न राहवून विचारलं.

त्यांनी जराही न लाजता सांगितलं, "तारेसंगं जातो. ती आत आत चालली की मी बी चाललो. लई थंडगार हाय बघा तिथं. समदं लाल लाल, उन्हं उतरल्यावर असतंय तसं. आवाज कसला न्हाई. एवढं बरं वाटतंय तिथं, की परत येऊ वाटत न्हाई."

मी दारातून येणाऱ्या तिरप्या उन्हात ते रीळ पाहिलं आणि क्षणभर मलाही जावंसं वाटलं. पण मी शिकवणारी बाई, मी म्हटलं, "उरलेल्या आठ कॉइलांचं मी मोजते. तुम्ही खुशाल जा."

ठरलं असं, की दहा वेढे झाले की मिस्त्रींनी हुंकार द्यायचा आणि मी वहीत एक रेघ मारायची. पंधरा रेघा झाल्या की मी "झालं" म्हणणार. पहिले दहा वेढे झाले तेव्हा ते हुंकार देण्याऐवजी म्हणाले, "लाभ." पुढच्या दहाला "हं". मग पुन्हा "हं". मला वाटलं, कामाची सुरुवात म्हणून म्हणत असतील. आपण नाही का वहीच्या डोक्यावर 'श्री' लिहीत? मला ते फार गोड वाटलं. मी पानाच्या वरती टपोऱ्या अक्षरात 'लाभ' लिहिलं, त्याभोवती छानशी चौकट काढली आणि खाली रेघा मोजायला लागले. आठही कॉइलांना तसंच. वही इतकी नीटनेटकी, की मुलांना दाखवावी.

खाचांमध्ये बसवताना या आठ कॉइल फार दाटत होत्या. मिस्त्री बांबूच्या पट्टीने दाबून दाबून बसवत होते. "हात जड झाला काय माझा?" ते पुटपुटले. मी वही मिटून चहा पीत होते.

मोटार पहिल्यांदा चालू केली तेव्हा दिवाळीला नऊ दिवस होते. काकू पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी बटण दाबलं. डाळीचा डबा आधी घुमला, मग थरथरला, मग टेबलावरून आपल्या पायांनी चालत निघाला. घूं घूं आवाज भिंतींना लागत होता. कात्री खाली पडली. मिस्त्रींनी बटण बंद केलं.

काकू आत गेल्या. मशीनवरची चादर त्यांनी सकाळीच काढून ठेवली होती, ती पुन्हा घातली. मी ते दारातून पाहिलं. चादर काढल्याचं त्यांनी आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं.

मिस्त्रींनी मोटारीवर तळवा ठेवला. "एका अंगाला वढून राहिली," ते म्हणाले. "माझा हात गेला, मॅडम. मला वाटलं व्हतं अजून हाय."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. तिसऱ्या दिवशी उघडं होतं, पण ते स्टुलावर खाली मान घालून बसले होते. समोर कुणाचा तरी मिक्सर होता, त्याला हात लावत नव्हते. "नवं काम घेणार न्हाई आता," म्हणाले. "लोकांच्या मोटारी बिघडवायच्या कशाला?" ते कुठे गेलेलेही नव्हते. तिथेच होते, सगळेच्या सगळे, आणि त्याचंच मला भय वाटलं.

त्याच संध्याकाळी मी वर्षाची ज्वारी घ्यायला मोंढ्यात गेले. माझ्यासमोर दोन हमाल टेम्पोत पोती टाकत होते आणि एक म्हातारा उभ्याने मोजत होता. "लाभ," तो म्हणाला. दुसरं पोतं पडलं. "दोन." मग "तीन."

मी ज्वारीतला हात तसाच ठेवून उभी राहिले.

"बाबा," मी विचारलं, "लाभ झाल्यावर एक नाही म्हणत?"

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लाभ म्हंजीच एक की ओ, बाई. मालाला एक म्हनू न्हाई. एक म्हनलं की एकच राहतंय. कोणी लाभ म्हनतंय, कोणी बरकत म्हनतंय. एक कोणी म्हनत न्हाई."

मिस्त्रींचे वडील याच मोंढ्यात मापाडी होते. धान्याची मापं मोजण्यात त्यांची हयात गेली. हे मिस्त्रींनी मला दहा वेळा सांगितलं होतं, आणि मी दहाही वेळा "हो का" म्हटलं होतं. मुलाने धान्य मोजलं नाही, तारेचे वेढे मोजले, पण पहिल्या मापाला कधी एक म्हटलं नाही. आणि मी, पदवी घेतलेली बाई, त्यांचं ते पहिलं माप चौकटीत बसवून मोजायचंच विसरले होते. आठ कॉइल, प्रत्येकीत दहा वेढे जादा. एका अंगाला मोटार भारी होणार नाही तर काय!

ज्वारी तिथेच सोडून मी निघाले. रस्ताभर मला स्वतःचीच लाज वाटत होती. प्रयोगवहीत एक रीडिंग चुकलं तर मी मुलांना पान फाडायला लावते.

मिस्त्री दुकानाची फळी लावत होते. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "तुमचा हात नाही चुकला, मिस्त्री. मी चुकले. माझ्यामुळे झालं हे सगळं."

त्यांनी वही घेतली. 'लाभ'च्या चौकटीवर बोट ठेवलं, मग खालच्या रेघा एकेक करून मोजल्या. आठही पानं. मला वाटलं, आता रागावतील. पण ते म्हणाले,

"म्हंजी माझा हात बरोबर हाय."

"बरोबर आहे."

"दाटत व्हत्या कॉइल, त्या दाटायलाच पाहिजे व्हत्या."

"हो."

मग त्यांना हसू फुटलं. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं होतं की दुसरं कशाचं, मी विचारलं नाही. आत वळून ते ओरडले, "अगं ऐकलं का? मॅडमनी लाभ जास्तीचा करून ठिवला! डब्यात मावंना झालाय!"

काकू बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं, आणि साडीचा पदर खोचला. "सरका ताई," मला म्हणाल्या. "आता मी मोजते."

मोटारीसाठी काकू पहिल्यांदाच खाली बसल्या. गुडघे वाकत नव्हते, म्हणून पाय लांब करून, भिंतीला टेकून. आठ कॉइल काढून नव्याने भरायच्या होत्या आणि दिवाळी सहा दिवसांवर होती. दोन दुपारी त्यांचं काम चाललं होतं. मी कॉलेज सुटल्यावर जाऊन उंबऱ्यावर बसायचे, कारण मला आत काही कामच नव्हतं. मिस्त्री दांडा फिरवायचे. "लाभ," काकू म्हणायच्या. "दोन. तीन." त्यांचा आवाज जात्यावर बसल्यासारखा एका लयीत चालायचा. मिस्त्री दुसऱ्या तिसऱ्या मापालाच निघून जायचे. पंधरा झाले की काकू त्यांच्या मनगटावर हलकेच हात ठेवायच्या, मग ते परत यायचे. इतकी वर्षं एका घरात राहिलेल्या या दोघांना असं एका कामावर बसलेलं गल्लीने कधी पाहिलं नव्हतं, आणि बहुतेक त्यांनीही नाही.

धनत्रयोदशीच्या सकाळी मोटार मशीनला जोडली. काकू खुर्चीवर बसल्या आणि पॅडलवर पाय टेकवला. मिस्त्रींनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. ना घूं, ना थरथर.

"लाईट गेली काय?" काकू म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही वर पाहिलं. पंखा फिरत होता. मग मी खाली पाहिलं तर मशीनचं चाक हलत होतं. आधी इतकं सावकाश, की भास वाटावा. मग जरा जास्त. काकूंनी चिंधीचा तुकडा सुईखाली सरकवला आणि एक सरळ टीप मारली. तिकडून वळून दुसरी मारली. चिंधी संपली, तरी त्या मारतच राहिल्या.

"आस्ते हाय का?" मिस्त्रींनी विचारलं.

"हाव," काकू म्हणाल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "डबा मातर नवा आणा."

भाची भाऊबीजेला आली आणि लाडू घेऊन परत गेली.

पुढे मी पुन्हा नांदेडला आले. ब्लाउज मात्र उदगीरहूनच शिवून यायचे, जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर. अलीकडेच गल्लीतून फोन आला की मिस्त्री गेले. दुपारी दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या. तासभर कुणाला कळलंच नाही. सगळ्यांना वाटलं, गेलेत नेहमीसारखे कुठे तरी, येतील परत. काकू चहाचा कप परत न्यायला आल्या तेव्हा चहा तसाच होता. त्यांनी मनगटावर हात ठेवला.

मला जायला दहा-बारा दिवस लागले. लोहा गावाच्या पुढे बस बंद पडली, म्हणून पोचायला दुपार झाली. काय बोलायचं याची मी रस्ताभर जुळवाजुळव करत होते. गल्लीत वळले तर मशीनची टकटक ऐकू आली. मी दारात थांबले. दुकानाची फळी लावलेली होती. मागच्या खोलीत काकू खुर्चीत बसून कुणाच्या तरी पोरीचा परकर शिवत होत्या.

"या ताई," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. "लोक नावं ठिवून राहिले. तेरावा झाला न्हाई, तवर मशीनवर बसली म्हणून. ठिवू द्या. गप बसलं की लई रिकामं वाटतंय. हिथं बसलं की वाटतंय, हाईत. गेले असतील कुठं तरी."

मला रडू आलं.

"जरा दम धरा," काकू म्हणाल्या. "एवढी शिवण होऊ द्या."

त्यांनी पाय टेकवला. चाक आस्ते हललं. मी तिथेच फरशीवर बसले आणि परकराचा घेर पुरा होईपर्यंत त्या चाकाकडे बघत राहिले.